मिलिंद महाविद्यालयातील विद्यार्थी-सहाय्याची व्यवस्था आणि तिचे नेतृत्व : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाली. तेव्हापासून 'विद्यार्थी सहाय्य व प्रगती' हा शब्दप्रयोग प्राध्यापकवर्गाच्या परिचयाचा झाला आहे. परिषदेच्या निकषांत त्याला स्वतंत्र स्थान असून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, समुपदेशन, तक्रार-निवारण, माजी विद्यार्थी संघ अशा बाबींची माहिती त्याखाली भरावी लागते. परिणामी विद्यार्थी-सहाय्य म्हणजे अध्यापनाला मागाहून जोडलेली एक सेवा, असा समज रूढ होऊ लागला आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील मिलिंद महाविद्यालयाचा पूर्वेतिहास या समजाला छेद देणारा आहे. तेथे सहाय्याची गरज आधी ओळखली गेली आणि महाविद्यालयाची उभारणी त्या गरजेला धरून झाली. १९५० ते १९७८ या कालखंडात ही व्यवस्था कशी आकारास आली, तिचे नेतृत्व कोणत्या स्वरूपाचे होते आणि शासकीय दाखल्यांच्या चौकटीत ती कोठे अडखळली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वसतिगृहांची पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात गरीब व अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. शाळा गावात असली तरी तिचे दार उघडे असेलच असे नव्हते, आणि शहरात शाळेचे दार उघडे असले तरी राहण्यास जागा मिळत नसे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ही अडचण लवकर ओळखली. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने बोर्डिंग शाळा चालविल्या आणि १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत वसविली. या संस्थांत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहत. विद्यार्थ्याचे जेवण, आजारपण, अभ्यास आणि आचरण यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असे. सेमिनरीच्या शिक्षणपद्धतीचा हा गाभा होता. त्याच्या मागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे खरे. तरीही निवास आणि अध्यापन यांची फारकत न करण्याचा धडा येथूनच मिळाला, हे मान्य करावे लागते.

पुढे छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये निघाले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह चालू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली, आणि सभेच्या पहिल्या ठोस कामांपैकी एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह होय. १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्यामार्फत ठाणे, धारवाड आदी ठिकाणी माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालविण्यात आली. म्हणजेच महाविद्यालय काढण्यापूर्वी सुमारे दोन दशके डॉ. आंबेडकर वसतिगृहे चालवीत होते. त्यांच्या शैक्षणिक कार्याचा विचार करताना हा क्रम अनेकदा नजरेआड होतो.

या क्रमामागे स्वानुभव होता. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर पडावे लागले. दुसरा प्रसंग तर औरंगाबादच्या परिसरातलाच आहे. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी जात असता ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्याबद्दल, पाणी बाटविल्याचा आरोप करीत जमाव त्यांच्यावर चालून आला. पुढे किल्ल्यातही कोठे पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून त्यांच्यासोबत शिपाई देण्यात आला. या दोन्ही घटना त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. ज्या शहराच्या वेशीजवळ हे घडले, त्याच शहरात सोळा वर्षांनी त्यांनी महाविद्यालय काढले.

औरंगाबादची निवड आणि निवाऱ्याचा प्रश्न

८ जुलै १९४५ रोजी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थचे वर्ग प्रारंभी सकाळी भरत, कारण तेथील अनेक विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे होते. मुंबईच्या विद्यार्थ्याला डोक्यावर छप्पर कसेबसे होते. त्याच्यापाशी नव्हता तो वेळ. मराठवाड्यातील विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलट होती. त्याला गाव सोडून यावे लागे आणि शहरात त्याला खोली कोणी देत नसे. एकाच संस्थेच्या दोन महाविद्यालयांतील हा फरक लक्षणीय आहे. मुंबईत विद्यार्थी-सहाय्याने वेळापत्रकाचे रूप घेतले, औरंगाबादेत वसतिगृहाचे.

मराठवाड्याची तत्कालीन शैक्षणिक स्थिती बिकट होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय नव्हती. औरंगाबादेत १९२३ पासून शासकीय इंटरमीजिएट महाविद्यालय होते. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा विद्वान त्याच्या प्राचार्यपदी होऊन गेला होता. परंतु त्यापुढील शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. निजामी अमदानीत उर्दू ही राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा होती. विलीनीकरणानंतर उस्मानिया विद्यापीठात इंग्रजीला स्थान मिळाले. मराठी बोलणारा मुलगा माध्यमिक शाळेत उर्दूला सामोरा जाई आणि महाविद्यालयात इंग्रजीला. घरात पहिल्यांदाच कोणी शिकत असेल तर हा भार किती होता, याची कल्पना करता येते.

अशा परिस्थितीत जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. औरंगाबादच्या महाविद्यालयाचे वर्ग आरंभी छावणीतील लष्करी बराकींत भरत. अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी निजाम सरकारने एक कोटी रुपयांचा निधी राखून ठेवला होता. त्यातून मिळालेल्या कर्जाचा संस्थेला इमारतींसाठी आधार झाला. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

कोनशिला समारंभाच्या वेळी राष्ट्रपतींना सादर केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी आपली भूमिका मांडली. खालच्या वर्गांना अन्न, वस्त्र आणि निवारा पुरविल्याने त्यांच्या उन्नतीचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या मनात रुजलेला न्यूनगंड घालविणे हा खरा प्रश्न आहे आणि उच्च शिक्षणाखेरीज त्यावर इलाज नाही, असा त्याचा आशय होता. विद्यार्थी-सहाय्याच्या दृष्टीने या विधानाचे महत्त्व मोठे आहे. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांना येथे साधनाचे स्थान आहे. जेवण मिळाले, खोली मिळाली, पण मनातील ताबेदारी तशीच राहिली, तर खर्च वाया गेला असा त्याचा अर्थ होतो.

महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, हा आपल्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणारा होता. भिक्षू नागसेनाशी झालेल्या वादात तो निरुत्तर झाला आणि त्याने ते मान्य केले. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा संवाद आहे. महाविद्यालयाला राजाचे नाव आणि ज्या भूमीवर ते उभे आहे तिला भिक्षूचे, ही योजना अर्थपूर्ण आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांच्या मुलांच्या महाविद्यालयास प्रश्नकर्त्याचे नाव देण्यात आले.

महाविद्यालयाचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे होते. केवळ अस्पृश्यांसाठी निराळे महाविद्यालय काढण्याचा विचार संस्थेने केला नाही. सहाय्य विशिष्ट वर्गास, परंतु वर्गखोली सर्वांची, असे हे सूत्र होते.

प्राचार्यांचे नेतृत्व

घडणीच्या काळात महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची धुरा म. भि. चिटणीस यांच्याकडे होती. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले आणि डॉ. आंबेडकरांचे विश्वासू सहकारी. डॉ. आंबेडकर प्रकृतीच्या तक्रारी असतानाही औरंगाबादेस वारंवार येत, बांधकामात जातीने लक्ष घालीत, आवारात झाडे लावण्याविषयी आग्रही असत. तथापि दैनंदिन व्यवस्था पाहण्याचे काम प्राचार्यांचे होते, आणि त्या काळी विद्यार्थी-कल्याणासाठी वेगळा अधिकारी नेमण्याची पद्धत नव्हती. प्रवेश, शुल्कमाफी, वसतिगृह, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यापीठाशी पत्रव्यवहार अशा सर्व वाटा प्राचार्यांच्या टेबलापाशी येऊन मिळत.

चिटणीसांच्या नेतृत्वाचे वेगळेपण मात्र प्रशासनाच्या पलीकडचे आहे. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यतेचा प्रवास युगायुगांतून दाखविणाऱ्या या नाटकाचा प्रयोग विद्यार्थ्यांनी डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत केला आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे धम्मदीक्षेच्या निमित्तानेही तो झाला. स्नेहसंमेलनातील नाटक हा एरवी करमणुकीचा भाग. येथे प्राचार्यच नाटककार होता, आणि रंगमंचावरील विद्यार्थी आपल्याच पूर्वजांची भूमिका करीत होता. न्यूनगंड घालविण्याविषयीचे १९५१ मधील विधान प्रत्यक्षात कसे उतरवायचे, याचे हे एक उत्तर मानता येईल. समुपदेशन हा शब्दही ज्या काळी महाविद्यालयांत प्रचलित नव्हता, त्या काळातील हा प्रयोग आहे.

अशा व्यक्तिनिष्ठ नेतृत्वाची एक मर्यादाही होती. प्राचार्याची तळमळ हीच व्यवस्था असेल तर प्राचार्य बदलताच व्यवस्था बदलते. मिलिंदच्या बाबतीत ही उणीव काही प्रमाणात शिक्षकवर्गाने भरून काढली. त्याचा विचार पुढे येईल.

शिष्यवृत्ती, धर्मांतर आणि दाखल्याचा पेच

आर्थिक सहाय्याचा मुख्य आधार भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा होता. तिचा उगमही डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांत आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी मदतीची मागणी होती. त्यानंतर वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद होऊन १९४४-४५ पासून योजना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांनाही तिचा लाभ देण्यात आला. शुल्क आणि निर्वाहभत्ता या दोन्हींचा तीत अंतर्भाव असल्याने वसतिगृहातील विद्यार्थ्याचे जेवण प्रत्यक्षात या रकमेवर अवलंबून राही. रकमेला उशीर झाला की खानावळीचा हिशेब लांबे, आणि तो ओढ संस्थेला सोसावा लागे. हा प्रकार आजही ज्यांना अपरिचित नाही, त्यांना त्याचे अधिक वर्णन नको.

१९५६ चे शेवटचे तीन महिने या व्यवस्थेच्या इतिहासात सर्वांत कठीण ठरले. १४ ऑक्टोबर रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. अवघ्या आठ आठवड्यांत नागसेनवनातील विद्यार्थ्याचा धर्म बदलला, राज्य बदलले आणि संस्थेचा संस्थापक निघून गेला.

यांतील पहिल्या बदलाचा थेट परिणाम सहाय्यावर झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नसे. १९५६ मध्ये या तरतुदीत शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. त्यामुळे दीक्षा घेतलेल्या विद्यार्थ्याने अर्जातील धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिला नाही. बौद्ध लिहिले तर अनुसूचित जातीच्या सवलतीवर पाणी सोडावे लागे. हिंदू आणि पूर्वीची जात लिहिली तर जे सोडण्यासाठी दीक्षा घेतली तेच स्वतःच्या हाताने कागदावर पुन्हा लिहावे लागे. ज्या महाविद्यालयाचे ध्येय न्यूनगंड घालविणे हे होते, त्याच्याच कार्यालयात हा अर्ज भरला जात असे. सहाय्याचा हेतू आणि सहाय्याची अट यांच्यातील असा उघड विरोध शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

हा प्रश्न मूठभरांचा नव्हता. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७.९ लाख नोंदविली गेली. दहा वर्षांपूर्वी ती अडीच हजारांच्या आसपास होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या अखत्यारीतील सवलती लागू केल्या, त्यामुळे विद्यार्थ्यांची कोंडी बरीच कमी झाली. त्याआधी १९५९ पासून मिळू लागलेली आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, म्हणजेच ई.बी.सी., ही उत्पन्नावर आधारलेली होती. तिच्या अर्जाला जातीचा दाखला लागत नसे. या योजनेचा विचार सामान्यतः गरीब सवर्णांच्या संदर्भात केला जातो, परंतु नवबौद्ध विद्यार्थ्याच्या दृष्टीनेही तिचे मोल होते. केंद्राच्या पातळीवर बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश व्हायला १९९० साल उजाडले. तोवर १९५६ च्या सुमारास नागसेनवनात शिकणारा विद्यार्थी निवृत्तीच्या वयाला आला होता.

शिक्षकवर्ग आणि विद्यार्थ्यांचे लेखन

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि उस्मानियाशी असलेला महाविद्यालयांचा संबंध संपला. विद्यापीठाचा परिसर नागसेनवनाला लागूनच असल्याने खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतरचे शिक्षणही चालत जाण्याच्या अंतरावर आले. साठच्या दशकात नागसेनवनात वाणिज्य व विधी शाखांची महाविद्यालये निघाली. अजिंठा वसतिगृहासारख्या वास्तू या परिसराची ओळख बनल्या.

याच दशकात सहाय्याचे एक नवे रूप दिसू लागले, त्याचे नेतृत्व शिक्षकांकडे होते. डॉ. म. ना. वानखडे हे अमेरिकेत अध्ययन करून आले होते आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांचा परिचय होता. प्रा. गंगाधर पानतावणे हे मराठीचे अध्यापक होते. या मंडळींनी विद्यार्थ्यांना लिहिते केले. १९६७ मध्ये दलित लेखकांच्या प्रश्नांवर येथे चर्चा घडली आणि त्या सुमारास 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. तेच पुढे पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' या नावाने दीर्घकाळ चालले. दलित साहित्याच्या इतिहासात या घटनांची नोंद वाङ्मयीन चळवळ म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांना आणखी एक बाजू आहे. वसतिगृहातील ज्या मुलाला आपले गाव, आपली वस्ती, आपल्या आईचे कष्ट हे लपविण्याचे विषय वाटत, त्याला ते लिहिण्याचे विषय आहेत असे सांगणारा शिक्षक भेटला. चिटणीसांनी रंगमंचावर जे आरंभिले, ते येथे कागदावर आले.

नामांतर आणि त्यानंतर

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. शिकून शहाणी झालेली मुले हा हल्लेखोरांच्या रोषाचा एक विषय होता. वसतिगृह म्हणजे सुट्टीत घरी परतण्याआधीचा तात्पुरता मुक्काम, ही कल्पना त्या वर्षी कोसळली, कारण परतण्याचे ठिकाणच सुरक्षित उरले नव्हते. नामविस्तार होईपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९९४ पर्यंत, नागसेनवन हे चळवळीचे केंद्र राहिले. त्या सोळा वर्षांत अनेक विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाची वर्षे मोर्चे, अटका आणि बंद पडलेल्या परीक्षा यांत गेली. या हानीची नोंद कोणत्याही मूल्यांकन अहवालात होत नाही.

मिलिंदच्या विद्यार्थ्यांपैकी डॉ. सुखदेव थोरात हे अर्थशास्त्राचे अभ्यासक २००६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २००७ च्या अहवालात समितीने अध्यापन आणि परीक्षा यांच्याबरोबरच वसतिगृहाची पाहणी केली. छळ आणि बहिष्कार यांना कंटाळून हे विद्यार्थी आपल्या मूळ खोल्या सोडत आणि ठरावीक मजल्यांवर एकवटत, असे तीत आढळून आले.